खांबावर चढण्यापूर्वी

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसली. त्याआधी सभासदांच्या तीन सभा झाल्या, दोन भांडणं झाली आणि 'पावसाळ्यात काय करायचं?' हा प्रश्न एकाच गृहस्थांनी सात वेळा विचारला. केंद्र सरकारची सूर्यघर योजना त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर झाली होती. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान मिळणार म्हटल्यावर विरोध मावळला. कागदपत्रं अर्थातच माझ्या गळ्यात पडली. बँकेतला माणूस निवृत्त झाला तरी शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो फॉर्म भरण्यासाठीच जन्माला आलेला असतो. मी कादंबऱ्याही लिहितो, याचं कुणाला फारसं सोयरसुतक नसतं.

काम सुरू झालं त्या दिवशी बघायला म्हणून गच्चीवर गेलो आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकलो. वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा डोक्यावर पॅनेल घेऊन कठड्यालगतच्या वीतभर पट्टीवरून चालत होता. पॅनेल पंचवीस-अठ्ठावीस किलोचं. पायात रबरी चपला. कठड्यापलीकडे चार मजले. मी ओरडलो नाही, दचकून तोल जायचा. त्याने ओझं खाली ठेवल्यावर विचारलं, "पट्टा कुठाय रे?"

"गाडीत हाय की, काका."

"हे काम कुठे शिकलास?"

"बघून बघून," तो हसत म्हणाला.

हे दोन शब्द मी एकोणचाळीस वर्षांपूर्वी, अगदी याच सुरात, ऐकले होते.

१९८५ साली मी पाटण तालुक्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. दोन खोल्यांची शाखा, एक लोखंडी तिजोरी आणि माझ्या दिमतीला सरकारी कर्जावर घेतलेली मोटारसायकल. कोयनेची वीज नेणाऱ्या तारा डोक्यावरून जायच्या. त्यांचे टॉवर डोंगराडोंगरांवर पाय रोवून उभे असायचे, आणि खालच्या वाड्यांमधून संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसल्या जायच्या. जिथे वीज पोचली होती तिथे ती इतकी अशक्त असे, की विहिरीवरच्या मोटरी पटापट जळत. व्होल्टेज घसरलं की मोटर तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढते, तार तापते, वार्निश वितळतं आणि गुंडाळी काळी पडते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. 'मोटर जळाली, हप्ता पुढच्या सुगीला' एवढंच मी वहीत लिहून घेत असे.

असाच एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा माझ्यासमोर आला. दहावी पास, बापाची दोन एकर वरकस जमीन. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या यादीत त्याचं नाव होतं आणि ग्रामसेवकाने अर्जावर 'दुभती म्हैस' असं लिहून टाकलं होतं. मुलगा म्हणाला, "म्हस नगं, सायेब. मला कराडला आयटीआयला जायचंय. दोन वर्सं ऱ्हायला-खायला पैसं द्या." मोटर गुंडाळायला तो थोडं शिकलाही होता. कुठे, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "बघून बघून."

त्या काळात बँक म्हशीला कर्ज देत होती, बैलजोडीला देत होती, पिठाच्या गिरणीला देत होती. आयटीआयला जाऊन शिकण्यासाठी द्यायला माझ्या पुस्तकात खातंच नव्हतं. नाही म्हणायला ट्रायसेम होती. ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचं प्रशिक्षण देणारी ही योजना १९७९ साली सुरू झाली होती, विद्यावेतनही मिळे. पण त्या वर्षी आमच्या गटाला शिवणकामाची तुकडी मंजूर होती. "शिवणकाम शिकतोस का?" असं मी त्याला खरंच विचारलं. आज लिहिताना लाज वाटते, पण विचारलं. तो काही बोलला नाही. मार्च जवळ आला होता, उद्दिष्ट पुरं व्हायचं होतं. त्याच्या दाराशी म्हैस बांधली गेली. एक तृतीयांश अनुदान, बाकीचं कर्ज.

म्हैस त्याची बायको बघायची. तो झिरो वायरमन झाला.

शहरातल्या वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. खेड्यात तो सगळ्यांना माहीत असतो. पगारी वायरमन एक आणि गावं सात-आठ. मग गावातला एखादा चपळ पोरगा त्याच्या हाताखाली फिरू लागतो. फ्यूज टाक, तार ओढ, खांबावर चढ. त्याला पगार नाही, हजेरी नाही, विमा नाही. शेतकरी चहाला म्हणून पाच-दहा रुपये देतात तीच कमाई. कुठल्याच कागदावर त्याचं नाव नसतं म्हणून तो झिरो. इतका नेमका आणि इतका निर्दय शब्द मला कादंबरीतही सुचला नसता.

१९८७ च्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात एका वाडीतली तार तुटली. लग्नाचा हंगाम होता. वायरमनने डीपीवरचे फ्यूज काढले आणि याला सांगितलं, "लाइन बंद हाय, चढ." हा चढला. रोहित्राकडून येणारी तार खरोखरच मेलेली होती. पण तुटलेल्या जागेपलीकडे दोन-तीन घरं होती, त्यांतल्या एकात लग्न होतं. लाइट गेले म्हणून मांडववाल्याने जनरेटर सुरू केला होता आणि घराचा मेन स्विच न पाडताच त्याच्या वायरी बोर्डात खोचल्या होत्या. घरातली वीज सर्व्हिस वायरने उलटी खांबावर गेली. याने जोडण्यासाठी पलीकडचं टोक हातात घेतलं.

दहा-बारा दिवसांनी त्याची बायको शाखेत आली. पासबुकात ६२ रुपये होते. तिने ते मागितले नाहीत. "म्हस परत घेता का?" एवढंच विचारलं. म्हैस परत घ्यायचीही आमच्याकडे तरतूद नव्हती.

या मुलाला मी दोनदा कादंबरीत आणायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पानं फाडली. तिथे तो फारच सोयीचा होऊन बसत होता. मरून माझ्या नायकाला शहाणा करणारा.

त्याचं काय चुकलं, हे मला नीट समजलं ते २०२४ साली, त्या गच्चीवरच्या मुलामुळे. डोक्यातून ते 'बघून बघून' जाईना, म्हणून सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आयटीआयत जाऊन बसलो. ओळखीने गेलो होतो, दोन दिवस राहिलो. आपल्या देशात कारागीर प्रशिक्षणाची ही योजना १९५० सालची आहे आणि महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. मराठीत इलेक्ट्रिशियनला 'वीजतंत्री' आणि वायरमनला 'तारतंत्री' असे देखणे शब्द तिथल्या पाट्यांवर आहेत. आत सगळे इलेक्ट्रिशियन आणि वायरमनच म्हणतात.

तिथले निदेशक चाळिशीचे, मितभाषी. म्हणाले, "पहिले काही दिवस मी पोरांच्या हातात पक्कड देत नाही. आधी शॉक लागलेल्या माणसाला कसं सोडवायचं ते शिकवतो." सुकी लाकडी काठी, रबरी चटई, कृत्रिम श्वास. एक मुलगा जमिनीवर मेल्यासारखा पडला होता, दुसरा त्याला ओढत होता आणि बाकीचे खिदळत होते. निदेशक हसले नाहीत. त्यांनी तेच चार वेळा करायला लावलं. हसू आपोआप थांबलं.

मग मी त्यांना माझ्या झिरो वायरमनची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि खडू घेऊन फळ्यावर दोन खांब काढले. लाइन बंद करायची ही पहिली पायरी, ती झाली होती. ती दुसऱ्या कुणी चालू करू नये म्हणून कुलूप आणि लेखी परमिट, ही दुसरी. टेस्टरने तार खरंच मेली आहे का ते पाहायचं, तेही दोन्ही बाजूंना. आणि शेवटी, हात लावण्यापूर्वी, आपण जिथे काम करणार त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तार अर्थ करायची. मग उलटा करंट आला तरी तो जमिनीत जातो, माणसातून जात नाही. "तुमच्या पोराला पहिली पायरी माहीत होती," ते म्हणाले. "बघून शिकणाऱ्याला पहिलीच दिसते. बाकीच्या तीन कुणी करतच नसेल, तर दिसणार कुठून?"

माझ्या सदतीस वर्षांच्या कोड्याला त्यांनी खडूच्या दोन रेघांत उत्तर दिलं.

ते पुढे म्हणाले, की हाच प्रकार रोहित्राच्या पलीकडून झाला तर आणखी भयंकर. गावातलं रोहित्र ११ हजार व्होल्टचे ४३३ करतं. पण त्याला दिशा कळत नाही. खालून कुणी जनरेटरची वीज सोडली तर ते इमानेइतबारे तिचे हजारो व्होल्ट करून वरच्या तारेत पाठवतं. म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आणि जनरेटर आले, तसा 'लाइन बंद आहे' या वाक्याचा भरवसा कमी होत गेला.

आणि आता गच्चीगच्चीवर सूर्य आला आहे. सरकारमान्य ग्रिडवरचा सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतो, नव्हे, पडलाच पाहिजे, तसा नियम आहे. पण त्याच्या मागची पॅनेल बंद होत नाहीत. त्यांना बटनच नसतं. ऊन आहे तोवर ती जिवंत. एका पॅनेलचे चाळीस-पंचेचाळीस व्होल्ट म्हणजे फार नाहीत, पण अशी वीस पॅनेल एका माळेत ओवली की आठशे-नऊशे व्होल्ट होतात, तेही डीसी. आपल्या घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच काढताना उडालेली ठिणगी विझायला तिला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू माळेचा जोड ओढून काढला तर ठिणगी विझत नाही, ताणली जाते आणि जळत राहते. घरचं वायरिंग उत्तम येणारा माणूससुद्धा इथे फसतो, कारण त्याचे हात एसीला सरावलेले असतात.

त्या कार्यशाळेत एका कोपऱ्यात जुनी डीसी मशिनं होती. वयाने निदेशकांच्याही वडील. मध्यंतरी पोरं विचारायची म्हणे, की हे आता कुठे वापरतात, कशाला शिकायचं? "आता विचारत नाहीत," ते म्हणाले आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले.

या कामाचं शिक्षणच नाही, असं म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये 'सूर्यमित्र' नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला, गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली. सुरुवातीला तो ६०० तासांचा, सुमारे तीन महिन्यांचा होता, राहणं-जेवण फुकट, आयटीआय झालेल्या मुलांसाठी. पाच वर्षांत ५० हजार मुलं तयार करायचं उद्दिष्ट होतं. सूर्यघर योजनेचं उद्दिष्ट मात्र एक कोटी घरांचं आहे. शिवाय महाराष्ट्रात शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषिवाहिनी योजना आहे, शेतातले सौर पंप आहेत. एवढ्या गच्च्या आणि एवढी शेतं कुणाच्या हातांनी जोडली जाणार, हा हिशेब मी कारकुनी सवयीने मांडून पाहिला. उत्तर आमच्या गच्चीवर चपला घालून चाललेलं मी पाहिलंच होतं.

पवनचक्क्यांच्या वेळी हाच खेळ जरा वेगळ्या पद्धतीने झाला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाटणजवळ वनकुसवड्याच्या पठारावर, चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. मी तेव्हा पुन्हा सातारा जिल्ह्यात बदलून आलो होतो. पठारावरच्या कामावर लागलेली माणसं पगाराची खाती उघडायला शाखेत येत. खातं उघडताना व्यवसाय लिहावा लागतो. 'तंत्रज्ञ' लिहिणारे बहुतेक तमिळनाडू नाही तर गुजरातकडून आलेले, आणि आमच्या गावांतल्या मुलांच्या फॉर्मवर 'रखवालदार'. वारा आमचा, डोंगर आमचा. पण मनोऱ्याच्या आतल्या शिडीवरून पट्टा अडकवत वर जायचं, वरच्या डब्यात ब्रेक आणि गिअर तपासायचे आणि जोडीदार बेशुद्ध पडला तर त्याला दोराने खाली सोडायचं, हे आमच्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं. पुढे काही मुलं शिकली, वर गेली. पण पहिली पाच-सहा वर्षं ती फाटकापाशीच बसली होती.

आता घरातली गोष्ट. आपल्याकडे 'आयटीआयला घातलाय' हे वाक्य हळू आवाजात बोलतात. माझ्या सख्ख्या मेहुणीने मुलाला साडेआठ लाख खर्चून इंजिनीअर केलं. तो आज एका कुरिअर कंपनीत देखरेखीला आहे. तेव्हा मीही तिला दुसरं काही सुचवलं नव्हतं. पण म्हणून आयटीआय करा आणि सुखी व्हा, असंही मी सांगणार नाही. महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून लागलेल्या मुलाला पहिली तीन वर्षं ठरीव मानधनावर काढावी लागतात, मगच तो तंत्रज्ञ होतो. तीही नोकरी मिळाली तर. बाकीची मुलं कंत्राटदारांकडे जातात. तिथे प्रमाणपत्र आहे की नाही याने मजुरीत फारसा फरक पडत नाही. मग शिकायचं कशाला? एखाद्या आईने मला असं विचारलं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. जीव वाचतो, हे उत्तर खरं आहे, पण वीस वर्षांच्या मुलाला ते कधी पटलंय?

बँकांबद्दल मात्र सांगायला हवं. २०१५ पासून आयटीआय आणि कौशल्य अभ्यासक्रमांसाठी कर्जयोजना आहे, सुरुवातीला दीड लाखापर्यंत, तारणाशिवाय. २०२४ मध्ये ही मर्यादा साडेसात लाख झाली. म्हणजे माझ्या पुस्तकात नव्हतं ते खातं तीस वर्षांनी उघडलं. पण अजूनही बऱ्याच पालकांना त्याचा पत्ता नसतो आणि काही शाखाधिकाऱ्यांना तो सांगायचा उत्साह नसतो. छोट्या कर्जाला कागद तेवढाच लागतो, हे कारण मला पाठ आहे. मीच ते अनेकदा दिलेलं आहे.

गच्चीवरचा मुलगा जत तालुक्यातला निघाला. आयटीआय झालेला होता, वायरमन. म्हणजे अगदीच कोरा नव्हता, पण सौरचं काम बघून बघूनच. त्या दिवशी मी कंत्राटदाराला फोन करून पट्टे वर आणायला लावले. आमच्या चिटणिसांना वाटलं, मी उगाच काम लांबवतोय. पुढचे आठ दिवस मी रोज गच्चीवर चहा घेऊन जायचो. तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने सरळ विचारलं, "तीन महिने घरी पैसं कोण पाठवणार?" राहणं-जेवण फुकट असतं हे त्याला कळत होतं. पण जतला आई आणि शाळेत जाणारी बहीण, त्यांचं जेवण फुकट नव्हतं. १९८५ मध्ये मला असा प्रश्न विचारणारा समोर बसला होता, तेव्हा मी फॉर्मवर म्हैस लिहिली होती. या वेळी फॉर्म वगैरे काही काढला नाही. किती लागतील एवढं विचारलं. रक्कम मोठी नव्हती, ती इथे लिहीत नाही. उसने, असं तो म्हणाला आणि मीही म्हटलं, उसने.

तो नोव्हेंबरमध्ये गेला. महिनाभराने एका रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. आवाज पडलेला. मला वाटलं, सोडून आला.

"काका, आपल्या बिल्डिंगचं अर्थिंग मी चुकीचं केलंय."

"म्हणजे?"

"तीन खड्डे लागतात. पॅनेलच्या डीसीचा एक, एसीचा एक आणि वीज पडते त्याच्या सळईचा एक. मी तिन्ही वायरी एकाच खड्ड्यात सोडल्यात. वीज पडली तर सगळं इन्व्हर्टरमध्ये घुसंल. मालक म्हणला होता एकच कर, म्हणून केलं. मला माहीतच नव्हतं."

फेब्रुवारीत कोर्स संपल्यावर तो जतला जायच्या आधी पुण्यात उतरला. पायात बूट होते. मी चिटणिसांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, याचं बिल कोण देणार आणि मुळात कंत्राटदाराने काम पूर्ण झाल्याचा दाखला दिलाय ना? दाखला दिलेला होताच. मीच तो फाइलला लावला होता.

रविवारी सकाळी त्याने पार्किंगच्या मागच्या बाजूला दोन खड्डे खणायला घेतले. पहार त्याने कुठून तरी मागून आणली होती. तांब्याच्या पट्ट्या आणि वायर मी शनिवारीच तपकीर गल्लीतून आणून ठेवली होती. मीठ किराणा दुकानातून आलं, पाच किलोची दोन पोती. अकराच्या सुमाराला तो घाम पुसत वर आला आणि दारातूनच म्हणाला, "काका, कोळसा लागंल. खड्ड्यात मीठ आणि कोळसा थराथरानं भरतात. पुण्यात कोळसा मिळतो का?"

मला सुचेना. गॅस आल्याला इतकी वर्षं झाली. मग बायकोने आतून सांगितलं, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अजून कोळशाचीच इस्त्री वापरतो. त्याच्याकडून आम्ही दोघं एक पोतं उचलून आणलं.